गोष्ट अर्धी टाकू नका: मराठी वाहिन्या चालवणाऱ्यांना सोलापूरहून खुलं पत्र

मराठी वाहिन्यांवर कुठली मालिका कधी सुरू करायची आणि कधी बंद करायची हे ठरवणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मालिका बंद होणार हे आम्हाला घरी बसून कसं कळतं माहितीये का तुम्हाला? कुणी सांगत नाही. एका संध्याकाळी जाहिरातींच्या मध्ये नव्या मालिकेचा प्रोमो येतो, नवे चेहरे, नवं टायटल साँग, सगळं छान असतं, आणि शेवटी खाली वेळ येते, सोमवार ते शनिवार रात्री साडेआठ, आणि ती वेळ आपल्या मालिकेची असते. आपली मालिका दुसऱ्या वेळेला सरकणार आहे का कायमची जाणार आहे हे कुठंच लिहिलेलं नसतं. मग घरात चर्चा, मग कुणीतरी मोबाईलवर शोधतं, मग कळतं की आता सात-आठ भाग राहिलेत.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी हेच झालं. मालिकेचं नाव लिहीत नाही, वाहिनीचंही नाही, कारण मला एकाच मालिकेबद्दल बोलायचं नाहीये. तीन बहिणींची गोष्ट होती. वडील तिसऱ्याच भागात वारतात आणि जाताना धाकटीच्या हातात एक बंद पाकीट देतात, म्हणतात, घराचा निकाल लागेल त्या दिवशी तिघींनी मिळून उघडा. धाकटी ते पाकीट पितळी डब्यात घालून देवघराच्या मागं ठेवते. पुढं पाच महिने ते पाकीट आम्ही बघत होतो, कधी मोठी बहीण डब्यापर्यंत येऊन परत जायची, कधी मधलीच्या नवऱ्याला वास लागायचा, आणि दरवेळी आई इकडं पलंगावर पुढं सरकून बसायची. शेवटच्या आठवड्यात काय झालं, तर कागदपत्रं चोरणारा जावई दोन भागांत पाया पडला, कोमातल्या काकूंनी डोळे उघडले, कोर्टाचा निकाल फोनवर आला आणि सगळे अंगणात तुळशीपाशी उभे राहून हसले. संपलं. पाकिटाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

आई म्हणाली, "आणि पाकीट?"

मला उत्तर देता आलं नाही. शेजारच्या अक्का रोज आमच्याकडंच येऊन बघायच्या, त्या म्हणाल्या, उद्या दाखवतील. उद्या नवीन मालिका होती.

माझ्या आईबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्या मीटिंगमध्ये प्रेक्षक म्हणून जो आकडा येतो त्यात ती कुठं बसते मला माहीत नाही. आम्ही सोलापूरच्या पूर्वभागात राहतो. आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या, अजूनही थोड्या वळते, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून कमी. पुढ्यात सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेला पत्ता, म्हणजे विडीचं पान, कात्री, दोरा. विडी वळताना बघावं लागत नाही, बोटं आपली करत राहतात, म्हणून डोळे मोकळे असतात आणि ते टीव्हीवर असतात. आमच्या गल्लीत हे घरोघरी असं आहे. आई वेळ घड्याळात सांगतच नाही, ती म्हणते एका भागात पन्नास-साठ विड्या होतात, म्हणजे संध्याकाळी चार मालिका बघितल्या की दोनशेच्या वर माल झाला, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायच्या आणि उठायचं. आणि जिथं गोष्टीत काहीतरी मोठं घडतं तिथं हात थांबतात. आईचे हात थांबले की मी स्वयंपाकघरातून बाहेर येते, कारण ते फार वेळा होत नाही.

अक्का तेलुगू. घरात तेलुगू, बाजारात थोडं कन्नड, आणि मराठी बरंचसं तुमच्या मालिकांमधून आलेलं. त्या बोलताना मध्येच "हे कदापि शक्य नाही" असं म्हणतात, ते आमच्या गल्लीत कुणी म्हणत नाही, ते टीव्हीतून आलंय. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एकाच वाड्यात ऐकू येतं आणि रात्री आठनंतर त्यातल्या बऱ्याच घरांतून मराठी मालिकेचं टायटल साँग येतं. ही केवढी मोठी गोष्ट तुमच्या हातात आहे. म्हणूनच जीव तुटून लिहितेय.

आता सावित्रीजोती. सोनी मराठीवर जानेवारी 2020 मध्ये सुरू झाली, ओंकार गोवर्धन जोतीराव आणि अश्विनी कासार सावित्रीबाई. आमच्या गल्लीत त्या मालिकेला गर्दी व्हायची हे मी डोळ्यांनी बघितलंय. ती लागली आणि अडीच महिन्यांत मार्च आला, शूटिंग थांबली, इकडं विडी कारखाने बंद, घरात पत्ता नाही, तंबाखू नाही, बायका नुसत्या हात मांडीवर ठेवून बसलेल्या. तेव्हा जुने भाग पुन्हा बघितले लोकांनी. मग शूटिंग सुरू झालं, नवे भाग यायला लागले, आणि डिसेंबर 2020 मध्ये मालिका बंद. एक वर्षसुद्धा नाही, त्यातले कितीतरी दिवस लॉकडाऊनमध्ये गेलेले. सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 चा, मालिका त्या जयंतीच्या तोंडावर गेली. ज्या बाईनं 1848 मध्ये जोतीरावांसोबत पुण्यात मुलींची शाळा चालवली, दगड-शेण अंगावर घेतलं, नवरा गेल्यावर सत्यशोधक समाजाचं काम पुढं नेलं, आणि 1897 मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतः प्लेगनं गेली, तिच्या सहासष्ट वर्षांना एवढाच वेळ? तेव्हाही लोक बोलले, कारण टीआरपीचं दिलं गेलं, आणि विषय तिथंच मिटला. मी तेव्हा गप्प बसले होते. या पाकिटाच्या निमित्तानं ते पण परत वर आलं.

टीआरपी म्हणजे काय ते मी समजून घेतलंय, नाही असं नाही. कुठली मालिका किती लोक बघतात त्याचा तो आकडा. बार्क नावाची संस्था आहे, 2015 पासून तीच मोजते. काही घरांत मीटर बसवलेले असतात, प्रत्येक वाहिनीच्या आवाजात एक खूण मिसळलेली असते जी आपल्या कानाला ऐकू येत नाही पण मीटरला कळते, आणि घरात कोण कोण बघतंय त्याचं त्याचं बटण दाबायचं. मीटर कुठल्या घरात आहे हे गुप्त ठेवतात, ते बरोबरच आहे. 2020 च्या आसपास देशात टीव्ही असलेली घरं सुमारे 21 कोटी आणि मीटरवाली सुमारे 44 हजार, म्हणजे एका घरामागं पावणेपाच हजारांच्या आसपास घरं. दर गुरुवारी आकडे येतात आणि तुमच्या ऑफिसात त्या दिवशी काय वातावरण असतं हे माझ्या मामेभावाकडून ऐकून आहे, त्याच्याबद्दल पुढं सांगते.

शितावरून भाताची परीक्षा होते हे मला मान्य आहे. सगळा भात कुणी दाबून बघत नाही. पण शीत कधी काढायचं हे तरी बघाल की नाही? आधण येऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर शीत काढून दाबलं तर ते कच्चंच लागणार, त्यात तांदळाचा काय दोष. काही गोष्टी पहिल्या आठवड्यात पकडतात, काही मुरायला वेळ घेतात. साराभाई वर्सेस साराभाई आठवते का, स्टार वनवर 2004 ला आली, 2006 ला सत्तरच्या आसपास भागांवर थांबली, तेव्हा आकडे नव्हते म्हणे. नंतर रिपीटवर आणि इंटरनेटवर लोकांनी ती पाठ केली, आजही त्यातली वाक्यं लोक एकमेकांना पाठवतात, आणि 2017 मध्ये हॉटस्टारवर तिचा दुसरा सीझन काढावा लागला. ते प्रेक्षक 2005 मध्ये पण होतेच की. त्यांच्यापर्यंत ती पोचायची होती.

आणि आमच्याकडं पोचायला वेळ लागतो, त्याला कारणं आहेत. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी ते संध्याकाळी आलं तर घरातली एकही बाई टीव्हीपुढं नसते, सगळ्या हंडे-बादल्या-टाक्या भरत असतात. तो भाग आम्ही दुसऱ्या दिवशी रिपीटला बघतो. तुम्ही स्लॉट बदललात की रिपीटची वेळ पण बदलते, मग आई मला विचारते आणि मी दुकानात असते. स्लॉट आठवरून साडेदहावर गेला की आमच्यासाठी मालिका निम्मी बंदच झाली, सकाळी पाचला उठणाऱ्या बाईनं साडेदहाला कसं जागायचं, आणि मग त्या साडेदहाच्या आकड्यावरून म्हणायचं की लोक बघत नाहीत. हे फार लागतं मनाला.

मामेभाऊ. तो इथलाच, हुतात्मा स्मृती मंदिरात स्पर्धेची नाटकं व्हायची तेव्हा बॅकस्टेजला राबायचा, तिथून मुंबईला गेला आणि मालिकांमध्ये ड्रेसदादांच्या हाताखाली लागला. एका मालिकेत गावाकडचं घर होतं म्हणून त्यानं इथून इरकली साड्या नेल्या होत्या, मी स्वतः त्याच्याबरोबर दुकानात होते. प्रत्येक साडीला चिठ्ठी लावतात, कुठल्या पात्राची, कुठल्या सीनची, दिवस का रात्र, म्हणजे आज पडवीतला अर्धा सीन झाला आणि उरलेला चार दिवसांनी करायचा असेल तर तीच साडी, तोच पदर, त्याच बांगड्या, फोटो काढून ठेवलेले असतात. एक हिरवी, लाल काठाची त्यानं मुद्दाम बाजूला काढून ठेवली होती, नायिकेची आई पहिल्यांदा ग्रामसभेत बोलायला उभी राहते त्या सीनसाठी. तो सीन महिनाभर पुढं होता. एका गुरुवारी रात्री ग्रुपवर मेसेज आला की शनिवारी शेवटचं शूटिंग. स्पॉटदादा, मेकअपवाले, लाइटवाले, हेअरच्या ताई सगळ्यांना त्याच मेसेजनं कळलं. केलेल्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी येतात, ही त्या लाईनची पद्धतच आहे, म्हणजे काम आज गेलं आणि मागचे पैसे अजून यायचेत. तो गड्ड्याच्या जत्रेला घरी आला तेव्हा ती साडी त्याच्या बॅगेत होती, चिठ्ठी तशीच. मी म्हटलं, काढून टाक. म्हणाला, राहू दे. लेखकानं तो सीन लिहून ठेवलेला होता म्हणे, म्हणजे कागदावर ती बाई बोललेली आहे.

हे सगळं टाळता येतं का? येतं. अमेरिकेत जेरिको म्हणून मालिका होती, सीबीएस वाहिनीची. 2007 च्या मे महिन्यात 22 भागांनंतर ती बंद केली. तिच्या शेवटच्या भागात नायक शरण जायला नकार देताना इंग्रजीत "नट्स" म्हणतो, दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन जनरलनं जर्मनांना तेच उत्तर दिलं होतं, तर प्रेक्षकांनी त्याच शब्दावरून वाहिनीच्या ऑफिसला शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. पोत्यांनी. सुमारे 20 टन शेंगदाणे गेले! शेंगाचटणीच्या गावात राहून मला 20 टन शेंगदाणे म्हणजे किती ते डोळ्यापुढं येतं. वाहिनीनं ऐकलं, अजून 7 भाग करायला दिले. पण मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. त्या 7 भागांच्या वेळी त्यांनी दोन शेवट शूट करून ठेवले, एक मालिका पुढं चालणार असली तर आणि एक बंद होणार असली तर. ती परत बंदच झाली, आकडे नाही आले, पण बंद होताना बंद होण्यासाठी केलेला शेवट दाखवला. मालिका गेली, पण गोष्ट पूर्ण झाली. मला तुमच्याकडून एवढंच हवंय.

म्हणजे मी असं म्हणत नाहीये की कुठलीच मालिका बंद करू नका. जाहिराती नाहीत तर पैसा कुठून येणार, सेटचं भाडं आहे, रोजचा खर्च आहे, मी हिशोब बघणारी बाई आहे, मला कळतं. न चालणारं दुकान बंद करावं लागतं. पण दुकान बंद करताना माणूस उधारी मिटवतो, गिऱ्हाइकाचं शिवायला टाकलेलं कापड परत देतो. तुम्ही आमच्याकडून रोज अर्धा तास घेतलाय, पाच-पाच महिने, त्या बदल्यात गोष्ट देणं लागता.

तर विनंती अशी. बंद करायचं ठरलं की लेखकाला निदान चार आठवडे द्या आणि त्या चार आठवड्यांत त्याला वरून फोन करू नका. त्यानं सुरुवातीला जे जे मांडलंय ते त्याला उचलू द्या. आणि आम्हालाही सांगा, सरळ, स्क्रीनवर, की ही मालिका अमुक तारखेला संपतेय. लोक बघायचं सोडतील अशी भीती असेल तर ती काढून टाका, उलट जे मध्ये सुटलेले असतात ते पण शेवट बघायला परत येतात, आमच्या गल्लीत तरी येतात. जुने भाग ॲपवर ठेवा आणि बंद पडलेल्या मालिकांचे आधी ठेवा, कारण त्यांना दुसरी संधी तिथंच मिळते.

दुसरं म्हणजे भागांचा आकडा आधी ठरवून गोष्ट करा ना. हे नवीन नाही. दूरदर्शनवर तेरा भागांच्या मालिका असायच्या, कधी सव्वीस, आणि त्यात गोष्ट बसायची. चाणक्य 47 भागांत झाली, भारत एक खोज 53 भागांत अख्खा देश दाखवून गेली. आजची पोरं कोरियन मालिका बघतात त्या बऱ्याचदा सोळा भागांच्या असतात आणि पोरांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं की सोळा आहेत. आणि मालिका चालली तर पुढचा भाग काढा की, कोण नको म्हणतंय, रात्रीस खेळ चाले 2016 ला आली, संपली, 2019 ला दुसरी आली, 2021 ला तिसरी, प्रेक्षक आले ना परत? पाचशे भागांची गोष्ट म्हणून सुरू करायची आणि नव्वदाव्या भागाला मान मुरगाळायची, त्यापेक्षा साठ भागांची सांगा आणि साठावा भाग साठावा भाग म्हणूनच दाखवा.

आमच्याच जिल्ह्याचं घ्या. पंढरपूरचा विठोबा तुमच्या वाहिन्यांवर आला, अक्कलकोटचे स्वामी आले, आम्ही मनापासून बघितलं, आई अजून बघते. पण 1930 च्या मे महिन्यात याच गावात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता आणि त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, ज्या नाट्यगृहात माझा मामेभाऊ पडदे ओढायचा त्याला त्यांच्याच हौतात्म्याचं नाव आहे. यात सासू-सून नाही, पाचशे भाग नाहीत, पण सव्वीस भाग आहेत, आणि असे आहेत की आईचे हात थांबतील. असलं काही तुमच्याकडं कुणी घेऊन आलं तर त्याला परत पाठवू नका, आणि एकदा घेतलंत तर सव्विसाव्या भागापर्यंत घेऊन जा.

या पत्राची वाट बघत कुणी बसलेलं नाही हे मला माहीत आहे. डिसेंबरमध्ये मी एका वाहिनीला ईमेल केला होता, उत्तर नाही आलं. म्हणून आता सगळ्यांपुढं लिहितेय. तुमच्यातलं कुणी वाचेल, किंवा तुमच्याकडं काम करणारा एखादा लेखक वाचेल.

त्या लेखकाला वेगळं सांगायचंय. दादा किंवा ताई, कोण असाल ते, त्या तीन बहिणींची गोष्ट तुम्ही लिहिली होती. मालिका संपली, तुमचा करार पण संपला असेल, आता सांगायला कुणाची हरकत नसावी. ते पाकीट देताना वडिलांचा हात थरथरत होता आणि वरचं अक्षर मोठीचं नाव असल्यासारखं वाटत होतं, अक्कांना वाटतं आत घराचे कागद आहेत, आईला वाटतं माफीचं पत्र आहे, मोठीला शाळेतून काढलं होतं त्याबद्दल. दोघी अजून वाद घालतात. काय होतं आत? दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल, मी आईला वाचून दाखवीन.

आपली,
सोलापूरची एक प्रेक्षक